हिवाळ्यातील पेला आणि त्याची पारख

रुची ज्याची त्याची, तिच्यावर वाद घालू नये, असे आपण सहज म्हणतो. एकाला कारले आवडते, दुसऱ्याला त्याचे नावही नको असते. तेथे न्याय कोणी करावा? तथापि जगात असे काही लोक आहेत, की जे एका टेबलाभोवती गंभीरपणे बसतात, पेल्यातील चार घोट पेयाला पन्नासपैकी गुण देतात आणि ते गुण का दिले याची कारणे लेखी नोंदवतात. हिवाळ्यात, विशेषतः नाताळच्या सुमारास, मसाले घालून केलेल्या बिअरची पारख करणाऱ्या अशा मंडळींच्या पंगतीला बसण्याचा योग आम्हांला आला. त्या पारखीविषयी चार शब्द लिहावेत असा मानस आहे.

काही वाचकांच्या भुवया एव्हाना उंचावल्या असतील. धर्मगुरूने नाताळ अंकात गव्हाणीविषयी लिहावे, बिअरविषयी कशाला? हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. आमच्या धर्मग्रामाच्या मृत्युनोंदवहीत पन्नाशी न गाठलेल्या कित्येक पुरुषांची नावे आम्ही स्वतःच्या हाताने लिहिली आहेत, आणि त्यांतील अनेकांना बाटलीने नेले हे दफनविधीला उभा असलेला प्रत्येक जण जाणत होता. दारूविषयी आपल्या समाजात दोनच सूर ऐकू येतात, एक फुशारकीचा आणि दुसरा धिक्काराचा. पारख करणाऱ्याचा सूर तिसरा आहे. त्या सुराने काय साधते आणि कोठे तो अपुरा पडतो, हे आम्हांला तपासून पाहावयाचे आहे.

उत्तर युरोपातील हिवाळा आपल्या थंडीसारखा सुखाचा नसतो. दुपार सरते न सरते तोच अंधार पडतो, अंगणातील पाणी गोठते. अशा वेळी कापणी आटोपलेली असते, नवे धान्य कोठारात आलेले असते आणि थंडीमुळे आंबवण्याची क्रिया संथपणे, न नासता पार पडते. म्हणून वर्षातील सर्वांत दाट आणि सर्वांत कडक बिअर या दिवसांसाठी करण्याची रीत पडली. नॉर्वेतील गुलाटिंग या मध्ययुगीन कायद्यात तर शेतकऱ्यांनी नाताळसाठी बिअर केलीच पाहिजे, आणि ख्रिस्त व पवित्र मरिया यांचे आभार मानून, सुकाळ व शांती लाभावी म्हणून ती आशीर्वादित केली पाहिजे, असा दंडक होता. तो मोडणाऱ्याला शिक्षा होती. इंग्लंडात भाजलेली सफरचंदे, जायफळ, आले आणि साखर घालून गरम केलेली बिअर नाताळपासून तीन राजांच्या सणापर्यंत वाडग्यांतून फिरत असे. आपल्या रोमन विधिग्रंथातही बिअरला आशीर्वाद देण्याची स्वतंत्र प्रार्थना आहे.

बिअरमध्ये मसाला घालणे हे आजकालचे खूळ आहे, असेही कोणी समजू नये. हॉप्स नावाच्या वेलीची शंकूसारखी कडवट फुले आज जवळजवळ प्रत्येक बिअरमध्ये असतात. ती सर्वत्र रूढ होण्यापूर्वी ‘ग्रुइट’ या नावाचे रानवनस्पतींचे मिश्रण वापरीत. त्याच्या मक्तेदारीवर ब्रूज शहरातील एक घराणे इतके संपन्न झाले, की त्यांचा ग्रुटहूस हा वाडा आज संग्रहालय म्हणून उभा आहे. बाराव्या शतकात संत हिल्डेगार्ड या मठमातेने हॉप्सच्या कडवटपणामुळे पेय टिकते, अशी नोंद करून ठेवली. पुढे १५१६ साली बव्हेरियाच्या सरदारांनी बिअरमध्ये बार्ली, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काही घालू नये, असे फर्मान काढले. बेल्जियमला ते फर्मान लागू नव्हते. तेथे धणे आणि संत्र्याची साल बिअरमध्ये राहिली, आणि हिवाळ्यात त्यांच्या जोडीला दालचिनी, लवंग, जायफळ, आले, वेलदोडा ही मंडळी आली. हे जिन्नस एके काळी मलबार, सिलोन आणि मोलुक्का बेटांतून महिनोन्‌महिने प्रवास करून तेथे पोहोचत. जे महाग, ते सणासाठी राखून ठेवावे, हा न्याय सर्व देशांत सारखाच.

उच्च शिक्षणासाठी आम्ही २००२ ते २००५ या काळात बेल्जियममधील लुव्हेन या विद्यापीठनगरीत होतो. त्या नगरीचे बिअरशी नाते जुने आहे. आज जगभर विकली जाणारी स्टेला आर्टुआ ही बिअर १९२६ साली तेथेच, नाताळची खास बिअर म्हणून जन्माला आली; लॅटिनमध्ये स्टेला म्हणजे तारा, आणि तो तारा नाताळचा. तिच्यात मसाला मात्र नाही. आमच्या वसतिगृहाजवळच्या चर्चमध्ये रविवारी शास्त्रवाचन करणारे एक वृद्ध गृहस्थ होते. बिअर कारखान्यात इंजिनिअर म्हणून त्यांनी आयुष्य काढले होते. दर हिवाळ्यात ते चार-पाच मित्रांसह नव्या बिअरची पारख करीत. “फादर, आपण मसाल्यांच्या देशातले. आम्हांला आपले नाक हवे आहे,” असे म्हणून त्यांनी आम्हांला बोलावून नेले.

नाकाविषयी ते बोलले ते अगदीच अस्थानी नव्हते. आम्ही ईस्ट इंडियन समाजातले. आमच्या घरी फळीवर बिअरच्या गडद तपकिरी बाटल्या ओळीने मांडलेल्या असत, पण त्यांत बिअरचा थेंबही नसे. त्यांत वर्षभराचा बॉटल मसाला असे. उन्हाळ्यात लाल मिरची, धणे, हळद, तीळ, खसखस, दालचिनी, लवंग, जायपत्री, दगडफूल, नागकेशर हे सारे वेगवेगळे भाजून, कांडून, चाळून आई त्या बाटल्यांत दाबून भरी. बाटली गडद रंगाची का, तर उजेडाने मसाल्याचा वास उडतो. लुव्हेनमध्ये आम्हांला कळले, की बिअरची बाटलीही त्याच कारणाने गडद असते. उजेड लागला की हॉप्समधील द्रव्ये बिघडतात आणि पेयाला उग्र दर्प येतो. एकाच काचेने दोन देशांत एकच राखण केली होती.

त्या टेबलावरील शिस्त सांगण्यासारखी आहे. बाटल्या आतल्या खोलीत उघडल्या जात आणि फक्त क्रमांक लावलेले पेले बाहेर येत. पेला अर्धाही भरलेला नसे. सौम्य बिअर आधी, मसालेदार नंतर, सर्वांत कडक शेवटी, असा क्रम असे. मध्ये बिनमिठाच्या पावाचा तुकडा आणि साधे पाणी. कोणी अत्तर लावून यायचे नाही, टेबलाशी तंबाखू ओढायची नाही. निरनिराळ्या वासांनी नाक थकले, तर क्षणभर स्वतःच्या कोटाच्या बाहीचा वास घ्यायचा. तो ओळखीचा असल्याने नाक पुन्हा ताळ्यावर येते. आपल्याकडे बिअर बर्फासारखी गार करून पितात. गारठ्याने वास दबतो आणि जीभ बधिर होते. हिवाळी बिअर थोडी थंड, पण हाताला सोसवेल एवढीच असावी लागते. पेला दोन्ही तळव्यांत धरून बसले, की तिच्यातील एकेक वास हळूहळू उकलत जातो.

आज अनेक देशांत ज्या गुणपत्रकाचा आधार घेतात, ते अमेरिकेत १९८५ साली सुरू झालेल्या बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम या संस्थेने घडवलेले आहे. त्यात वासाला १२ गुण, रूपाला ३, चवीला २०, तोंडात जाणवणाऱ्या दाटपणाला व उबेला ५ आणि एकंदर परिणामाला १०. रूपाला अवघे तीनच गुण ठेवणाऱ्यांचे शहाणपण आम्हांला भावले. पेल्यात ओतलेल्या बिअरचा रंग तांबूस-तपकिरी आहे का, फेस टिकतो का, हे पाहावे, टिपून घ्यावे आणि पुढे जावे. वास मात्र पहिल्या क्षणीच घ्यावा, कारण उडून जाणारे तेच. हिवाळी मसालेदार बिअरसाठी या संस्थेने स्वतंत्र वर्ग ठेवला आहे. ती सहसा गडद आणि नेहमीपेक्षा कडक असावी, तिच्यात मोड आणून भाजलेल्या बार्लीचा गोडवा असावा, आणि शेवटचा घोट छातीत ऊब ठेवून जावा, अशी अपेक्षा असते.

पहिल्याच बैठकीत आमच्या पेल्यातून लवंगेचा स्पष्ट वास आला. आम्ही तसे नोंदवले. इतरांनीही तेच नोंदवले होते. मग त्या वृद्ध गृहस्थांनी सांगितले, की या बिअरमध्ये एकही लवंग पडलेली नाही. बेल्जियममधील काही जातींचे यीस्ट आंबवताना धान्यातील एका आम्लाचे रूपांतर अशा द्रव्यात करते, की ज्याचा वास लवंगेच्या जवळ जातो. केळ्याचा वासही असाच यीस्टमधून येतो. म्हणून पत्रकावर ‘लवंग घातली आहे’ असे लिहावयाचे नसते. ‘लवंगेसारखा वास’ असे लिहावयाचे असते. पहिले वाक्य पेयाच्या कर्त्याविषयीचा तर्क आहे, दुसरे आपल्याला आलेला अनुभव. माणसांविषयी बोलताना हा भेद आपण किती वेळा पाळतो, हा विचार त्या रात्री वसतिगृहाकडे परतताना मनात आल्यावाचून राहिला नाही.

२००३ च्या डिसेंबरात ही मंडळी आम्हांला एसेन या गावी घेऊन गेली. जर्मनीतील त्याच नावाचे मोठे शहर ते हे नव्हे. हे बेल्जियमच्या उत्तर टोकाला, नेदरलँड्सच्या सीमेला टेकलेले छोटे गाव. तेथे नाताळच्या बिअरची जत्रा भरते आणि ती भरवणाऱ्या मंडळाच्या नावातच ‘वस्तुनिष्ठ बिअरपरीक्षक’ असे शब्द आहेत. बाहेर बोचरे वारे, आत एका मोठ्या दालनात लांबलचक बाके, आणि शंभरांहून अधिक प्रकारच्या नाताळच्या बिअर. लोक वही-पेन्सिल घेऊन बसले होते. एक पेला दोघांत वाटून घेत, एकमेकांच्या नोंदी वाचून हुज्जत घालत. आरडाओरडा नव्हता. आपल्याकडील एखाद्या हळदीच्या रात्रीशी आम्ही मनातल्या मनात तुलना केली, आणि ती येथे लिहिण्याची गरज नाही.

मसालेदार बिअर जोखताना परीक्षकाची खरी कसोटी लागते ती प्रमाणाच्या बाबतीत. काही पेल्यांतून पहिल्याच क्षणी नाताळच्या केकचा घमघमाट येतो. दालचिनी, आले, जायफळ सारी एकदम पुढे धावतात. पहिला घोट घेणारा वाहवा करतो. तिसऱ्या घोटाला जीभ कंटाळते, आणि मग ध्यानात येते, की मसाल्याखाली बिअर अशी उरलेलीच नाही. कित्येकदा तर मसाला मुद्दाम जास्त घातलेला असतो, कारण खाली काहीतरी आंबट किंवा शिळे झालेले असते. शिळी मासळी खपवण्यासाठी कालवण तिखट करणाऱ्या खानावळी आपणही पाहिल्या आहेत. उलट एखादा पेला प्रथम गप्पच वाटतो. भाजलेल्या धान्याचा वास, काळ्या मनुकांसारखा गोडवा, मग कोठून तरी संत्र्याची साल, आणि घोट गिळल्यावर, अगदी शेवटी, आल्याची किंचित धग. हे काय घातले आहे, असे विचारावेसे वाटते, पण नेमके बोट ठेवता येत नाही. अनुभवी परीक्षक गुण देतात ते अशा पेल्याला. सॅन फ्रान्सिस्कोतील अँकर या ब्रुअरीने १९७५ पासून दर नाताळला नवी पाककृती आणि लेबलावर नवे झाड अशी प्रथा पाळली, पण मसाले कोणते हे मात्र कधी उघड केले नाही. २०२३ साली ती ब्रुअरी बंद पडली, तेव्हा कित्येकांच्या नाताळमधून एक कोडे गेले.

गुण देण्याच्या रीतीत आणखी दोन गोष्टी आम्हांला मोलाच्या वाटतात. परीक्षक एकटा न्याय करीत नाही. निदान दोघे बसतात, आधी न बोलता आपापले गुण लिहितात, आणि मग त्यांच्या गुणांत सातांहून अधिक अंतर असेल तर पुन्हा चव घेऊन, चर्चा करून जवळ येतात. दुसरी गोष्ट अशी, की पूर्ण बिघडलेल्या नमुन्यालाही रिवाजाने १३ गुणांच्या खाली उतरवीत नाहीत. कोणीतरी धान्य भिजवले, रात्र जागवली, आठवडे वाट पाहिली, त्याची ती बूज असते. आणि पत्रक कर्त्याकडे परत जाते. म्हणून ‘भिकार’ असे लिहून चालत नाही, ‘दालचिनी शेवटी घाला, उकळताना तिची सालपटासारखी तुरट चव उतरली आहे’ असे लिहावे लागते. कबुलीघरात बसणाऱ्यालाही हा धडा गिरवण्यासारखा आहे.

आता आपल्या दाराशी येऊ. नाताळात आणि लग्नात साखर व मसाले उकळून, त्यात गावठी दारू मिसळून केलेले खिमड आपल्या समाजाला परके नाही. म्हणजे सणाचे मसालेदार पेय आपल्याकडेही होते. परंतु लहान पेल्यातून पाहुण्याच्या हाती देण्याचे ते माप कोठे गेले आणि सकाळी सातला गुत्त्याच्या दाराशी उभे राहणे कोठून आले, हा प्रश्न आमच्या घरभेटींत वारंवार समोर येतो. संत बेनेडिक्ट यांनी आपल्या नियमावलीच्या चाळिसाव्या प्रकरणात मठवासीयांसाठी द्राक्षारसाचे रोजचे माप ठरवून दिले, आणि ज्यांना मुळीच न घेण्याचे बळ देवाने दिले आहे त्यांना वेगळे पारितोषिक लाभेल, असेही सांगून ठेवले. मापाने घेणारा आणि मुळीच न घेणारा, दोघांनाही त्यांनी एकाच प्रकरणात जागा दिली.

आम्ही भाबडेपणा करू इच्छीत नाही. पारख शिकवली म्हणजे व्यसन सुटेल, असे म्हणणे क्रूरपणाचे होईल. ज्याच्यासाठी पहिला घोट हाच उतार आहे, त्याच्यापुढे वासाच्या बारा गुणांची गोष्ट करू नये. त्याला अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभेला सोबत न्यावे, डॉक्टरांकडे न्यावे, आणि त्याच्या घरच्यांच्या पाठीशी उभे राहावे. तथापि पारख करणारा आणि झिंगणारा हे एकाच वाटेवरचे दोन टप्पे आहेत, असेही आम्हांला वाटत नाही. झिंगणाऱ्याला पेल्यात काय आहे याच्याशी कर्तव्य नसते. त्याला स्वतःपासून दूर जावयाचे असते. पारख करणाऱ्याला जागे राहावे लागते. चौथ्या पेल्यानंतर ज्याची जीभ जड झाली, त्याचे गुण कोणी धरीत नाही.

हा सारा विचार अलीकडे आमच्या कार्यालयात येऊन बसला. आमच्या धर्मग्रामातील एक तरुण सूक्ष्मजीवशास्त्र शिकून पुण्यातील एका लहान ब्रुअरीत कामाला लागला आहे. २००९ साली डूलाली सुरू झाल्यापासून त्या शहरात हा नवा व्यवसाय रुजला आहे. मुलगा स्वतः क्वचितच घेतो. परंतु त्याच्या वडिलांचे नाव आमच्या त्या नोंदवहीत आहे, वय ४६. आईने पोरांना मासळी विकून वाढवले. ज्या वस्तूने घर बुडवले तीच करून पोराने पोट भरावे, हे तिला सहन होत नाही. ठरत आलेली एक सोयरीकही ‘मुलगा दारू गाळतो’ या शब्दांवर मोडली. मायलेक दोघे एका संध्याकाळी आमच्याकडे आले; ती तक्रार घेऊन आली होती, तो तीन बाटल्या घेऊन.

बाटल्यांवर लेबल नव्हते. दोन इतरांच्या आणि एक त्याची, नाताळसाठी करून पाहिलेली. आम्ही दोन-दोन घोट घेऊन पत्रक भरले. तिसऱ्या पेल्याला आमचे ३१ गुण झाले; धान्याची चव चांगली, ऊब बेताची, पण दालचिनीने संत्र्याची साल झाकून टाकली होती. मुलाला आम्ही अजून काही सांगितले नव्हते. एवढ्यात त्याच्या आईने हात पुढे केला. तिने आयुष्यात दारूला स्पर्श केलेला नाही. तिने एकेक पेला नाकाशी नेला, डोळे मिटले आणि खाली ठेवला. तिसऱ्या पेल्याशी ती थांबली.

“ही माझ्या पोराची,” ती म्हणाली. “मसाला आधी भाजून घातलाय, आमच्या घरात भाजतात तसा. पण दालचिनी जास्त झाली.”

मुलगा काही बोलला नाही. आम्ही पत्रक तिच्यापुढे सरकवले, पण तिला वाचता येत नसल्याने आमचा शेरा आम्हीच मोठ्याने वाचून दाखवला. तिने मान डोलावली. पेला तिने न पिता तसाच ठेवला होता, आणि पदर सावरून ती उठली.

“हा धंदा मला पटत नाही, फादर. मरेपर्यंत पटायचा नाही,” ती म्हणाली. दाराशी जाऊन ती वळली. “पण दालचिनी पुढच्या वेळी निम्मी कर म्हणावं. आणि संत्र्याची साल उन्हात वाळव, सावलीत नको.”

मुलाने खिशातून वही काढली आणि ते लिहून घेतले.